पाठीला पाठ

१

“श्वास घ्या. धरा. सोडा.”

एवढं दिवसातून साठ-सत्तर वेळा म्हणायचं, हे मंजुश्रीचं काम. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये एका इमारतीच्या तळमजल्यावर तिचं एक्स-रे सेंटर होतं. तिचं म्हणजे मालकाचंच, पण बारा वर्षं तिथं उभी राहिल्यामुळं तिला ते स्वतःचं वाटायचं. माणसं कपड्यांवरून, बोलण्यावरून कितीही निरनिराळी दिसली तरी आतून सगळी सारखीच असतात, हे तिचं लाडकं मत होतं आणि विचारो न विचारो, ती ते समोरच्याला ऐकवायची.

त्या फेब्रुवारीत मात्र तिच्या मशीनपुढं तिचे वडील उभे राहिले. विरूपाक्ष अप्पांचं अहमदपूरला भांड्यांचं दुकान. चाळीस वर्षं हंडे-पातेली माळ्यावर चढवून नि उतरवून त्यांच्या कमरेतला चौथा मणका पाचव्यावरून घसरला होता. पाय बधिर व्हायचे. त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं, दुकान त्यांच्या धाकट्या भावानं सांभाळलं होतं. त्यांचं दुःख वेगळंच होतं. पहाटे मांडी घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची, हे लिंगायत घरातल्या रीतीप्रमाणं सातव्या वर्षापासून कधी चुकलं नव्हतं, आणि आता तीन वर्षं ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पूजा करत होते. खुर्चीवरची पूजा म्हणजे दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं, म्हणायचे.

ऑपरेशनला ते तयार नव्हते. मंजुश्रीनंच त्यांना गळ घालून तयार केलं. “तुमची पूजा पुन्हा जमिनीवर होईल, अप्पा. माझा शब्द हाय,” असं ती म्हणाली होती.

डॉक्टरांनी आधी सगळं समजावून सांगितलं. चार स्क्रू, दोन सळ्या आणि मणक्यांना जोडायला कृत्रिम हाड. त्यांनी बाटलीत भगरीएवढे पांढरे दाणे दाखवले. हे वर्ष-दीड वर्षात विरघळतात, तोवर त्यांच्या जागी तुमचं स्वतःचं हाड येतं, म्हणाले.

“म्हंजे एस.टी.त रुमाल टाकल्यावानी,” अप्पा म्हणाले. “येणाऱ्यासाठी जागा धरायची.” डॉक्टर मोकळेपणानं हसले.

ऑपरेशन झाल्यावर घरी सोडताना डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला : खाली मांडी घालून बसायची सवय आहे का? सहा महिने अजिबात चालणार नाही. अप्पा न्हाई म्हणाले. आई, म्हणजे शिवगंगाबाई, तीही न्हाई म्हणाली. दोघंही खोटं बोलत नव्हते. त्यांच्या घरात बसणं म्हणजे दुकानात बसणं, जेवायला बसणं, गप्पा हाणत बसणं. पूजेला कुणी बसणं म्हणतच नसे. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचंय हे त्या खोलीत फक्त मंजुश्रीला कळलं होतं. तिनं शब्द दिला होता, म्हणून ती गप्प राहिली.

२

टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा पूजेला खाली बसले. आईनं फोनवर आधी भीत भीत आणि मग कौतुकानं सांगितलं. दुखलं नाही. पाय बधिर झाले नाहीत. उठताना भिंतीला हातसुद्धा लावला नाही.

मंजुश्रीनं रागवायला हवं होतं. ती रागावली नाही, उलट तिला रडू आलं. अप्पांचा आवाज तीन वर्षांनी पूर्वीसारखा लागत होता. पंधरा मिनिटं बसतेत, आई म्हणाली. होळीपर्यंत पाऊण तास झाला. अक्षय्य तृतीयेपर्यंत दीड. माणूस एवढी वर्षं उपाशी होता, आता पोटभर जेवतोय, असा विचार मंजुश्रीनं केला आणि तो तिला पटलासुद्धा.

३

मे महिन्यात अप्पा तीन महिन्यांच्या तपासणीच्या फोटोसाठी नांदेडला आले. सेंटरमध्ये जागा कमी, म्हणून बाहेर दोन बाकं पाठीला पाठ लावून ठेवलेली होती. अप्पा अलीकडच्या बाकावर बसले होते. पलीकडच्या बाकावर सहा फुटी, रुंद खांद्यांचा एक शेतकरी बसला होता, बिलोलीकडचे किशनराव. ट्रॅक्टरवर हाडं खिळखिळी झालेली. त्यांचं ऑपरेशनही त्याच दवाखान्यात, त्याच दिवशी, अप्पांच्या पाठोपाठ झालं होतं. शेजारी त्यांची बायको साखराबाई डब्यातल्या धपाट्याचे तुकडे करून त्यांना देत होती.

मंजुश्रीनं दारात येऊन अप्पांचं नाव पुकारलं. अप्पा उठले. त्याच क्षणी किशनरावही उठले.

“तुमचं न्हाई, मामा. तुमचा पुढचा नंबर,” ती म्हणाली. किशनराव ओशाळले. आपण का उठलो हे त्यांनाही कळलेलं दिसलं नाही. खेड्यातली माणसं कुणाचंही नाव घेतलं तरी उठतात, हे काही नवीन नव्हतं. पण अर्ध्या तासानं तिनं किशनरावांना बोलावलं, तेव्हा फोटो काढून पुन्हा बाकावर टेकलेले अप्पा उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडं पाहिलंही नव्हतं.

मग फिल्म बाहेर आल्या. कमरेपाशी घातलेल्या हाडाचं ते पांढरं आता तिसऱ्या मणक्यापर्यंत चढलं होतं. तिथं ते कुणी घातलं नव्हतं. किशनरावांच्याही पाठीत तितकंच चढलं होतं. मंजुश्रीनं दोन्ही फिल्म उजेडाच्या खोक्यावर एकावर एक धरल्या. अप्पांची हाडं बारीक, किशनरावांची दांडगी. काहीच काही जुळेना. पण ते नवीन पांढरं मात्र कडेला कड लागून बसलं. वरच्या टोकाला डावीकडं वळलेला छोटासा आकडा होता, तोसुद्धा दोन्हीकडं.

तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या. ज्या पाटीवर फोटो उठतो ती कॅसेट नीट पुसली नाही की आधीच्या पेशंटची सावली पुढच्याच्या फोटोत उतरते. शिकाऊ माणसाकडून होणारी चूक. तिनं कॅसेट पुसली, दुसरी घेतली, दोघांनाही पुन्हा आत बोलावलं. फोटो तसेच आले.

डॉक्टर म्हणाले, हाड छान धरलंय, काहींना जरा जास्त धरतं. त्यांनी फिल्म निरनिराळ्या पाहिल्या होत्या. एकावर एक धरून दाखवाव्यात असं मंजुश्रीला फार वाटलं. पण मग पुढचा प्रश्न खाली बसण्याचा आला असता.

४

श्रावणात ती अहमदपूरला गेली. अप्पा पहाटे पाचला बसले होते आणि नऊ वाजले तरी उठले नव्हते.

देवाची खोली लहान, शेणानं नव्हे तर आता फरशीनं गार. अप्पा पूर्वेकडं तोंड करून बसलेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डावा हात छातीसमोर उचललेला, तळव्यावर लिंग, त्यावर बेलाचं पान. नजर तिथंच. आई तिला दारातूनच हळू आवाजात म्हणाली, “हात बघ त्यांचा. थरथरत न्हाई. चार तास झाले. माणसाचा हात थरथरायला पाहिजे.”

मंजुश्री आत जाऊन त्यांच्या बाजूला टेकली. तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. ताटात तांदूळ निवडताना होतो तसा, बारीक. अप्पा हलत नव्हते. आवाज त्यांच्या पाठीकडून येत होता.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. अप्पा सरळ बसले नव्हते, किंचित मागं रेलून बसले होते. असं रेललेला माणूस मागं पडायला हवा. भिंत वीतभर लांब होती. सळ्यांमुळं असेल, स्क्रूंनी तोल बदलला असेल, असं तिनं मनाला समजावलं आणि तरी त्या मोकळ्या जागेत हात घातला. तिथं काही नव्हतं. फक्त हात काढताना तो अडकल्यासारखा वाटला, दोन माणसांच्या मधून काढावा तसा.

अप्पा उठले तेव्हा खुशीत होते. तिनं विचारलं, पाठ अवघडत न्हाई का?

“आधी अवघडायची. आता मागून आधार हाय.”

“कसला आधार?”

अप्पा लाजल्यासारखे हसले. “तू मला येड्यात काढशील. कोणीतरी पाठीला पाठ लावून बसतंय, मंजू. माझ्याहून थोराड माणूस हाय. अंगाला डिझेलचा वास येतो.”

“भ्या वाटत न्हाई तुम्हाला?”

“त्यात भ्यायचं काय? तोबी बिचारा माझ्या भरवशावर बसलेला. मी पट्टकन उठलो तर पडंल. म्हणून मी जरा बसतो. त्याचं झालं की उठतो.”

५

त्यानंतर आठवड्यानं साखराबाई एकटीच सेंटरवर आली. पेशंटची रांग संपेपर्यंत कोपऱ्यात उभी राहिली आणि मग मंजुश्रीचा हात धरून बोलायला लागली. मालक रोज पहाटे ओसरीवर भिंतीकडं तोंड करून मांडी घालतात. डावा हात असा छातीपुढं धरतात. हातात काही नसतं. त्या रिकाम्या हाताकडं बघत बसतात. जन्मात कधी पूजा केली नाही, देवापुढं हात जोड म्हटलं तर एका हातानं जोडणारा माणूस. गावातले लोक आता येऊन बघतात, नारळ ठेवतात, नमस्कार करतात.

“मला नारळ नकोत, माय,” साखराबाई म्हणाली. “मला माणूस पाहिजे.”

किती वाजता उठतात, असं मंजुश्रीनं विचारलं. आज साडेदहाला उठले, मग मी यष्टीत बसले, ती म्हणाली. मंजुश्रीनं आतल्या खोलीत जाऊन आईला फोन लावला. अप्पा आज कधी उठले? साडेदहाला, आई म्हणाली.

योगायोग एकदा होतो. मंजुश्रीनं तो आठ दिवस तपासला. सकाळी दोन फोन, एक अहमदपूरला, एक बिलोलीला, आणि दोघांच्या उठायच्या वेळा कागदाच्या चिठोऱ्यावर. आठही दिवस वेळ एकच निघाली, आणि रोज थोडी पुढं सरकलेली. नवव्या दिवशी तिनं किशनरावांनाच फोनवर बोलावलं.

“मागं म्हातारा हाय एक,” किशनराव संथपणे म्हणाले. “हलका हाय, पाखरावानी. राखेचा वास येतो त्याला. मी उठलो तर पडंल हो बिचारा. म्हणून बसतो.”

ते माझे वडील आहेत, एवढंच सांगायचं होतं. तिला ते सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. तिच्या बापाला पूजेचं सुख मिळावं म्हणून ती गप्प राहिली होती, आणि तिकडं ज्याचा पूजेशी काही संबंध नाही असा एक माणूस त्याच सुखाला जुंपला गेला होता. दोघंही एकमेकांना पडू द्यायचं नाही म्हणून उठत नव्हते. तिला स्वतःची लाज वाटली. तरी तिनं आणखी पंधरा दिवस घालवले.

६

शेवटी ती डॉक्टरांकडं गेली. पाठीला पाठ, वास, वेळा यातलं काही बोलली नाही. फक्त दोघंही ऑपरेशननंतर खाली बसत होते हे कबूल केलं. डॉक्टर रागावले नाहीत, आणि ते तिला जास्त लागलं. नव्या फिल्म पाहून त्यांनी चष्मा काढून ठेवला. पांढरं आता छातीच्या मणक्यांपर्यंत पोचलं होतं, आणि बरगड्यांच्या मुळाशी शिरलं होतं. माणूस ज्या बैठकीत बसतोय त्याच बैठकीत हाड गोठतंय, म्हणाले. असंच चाललं तर छाती फुगायची थांबेल. उघडून तासून काढावं लागेल. किशनराव गुरुवारी, अप्पा त्यानंतरच्या सोमवारी. तोवर दोघांनाही बसू द्यायचं नाही.

रविवारी मंजुश्री अहमदपूरला पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि अप्पा पहाटेपासून बसलेले होते. तिनं साखराबाईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि फरशीवर ठेवला. तिकडं साखराबाई आणि तिचा मुलगा सोमेश तयार होते. इकडं ती आणि आई. कारण काय ते साखराबाईनं विचारलंच नाही. मी तीन म्हटलं की दोघांनाही एकदम उचलायचं, एवढंच मंजुश्रीनं सांगितलं.

तिनं तीन म्हटलं. काखेत हात घालून त्यांनी अप्पांना उचललं. पाठीतून कोरड्या काटक्या मोडल्यासारखा आवाज झाला आणि अप्पा उभे राहिले. त्यांनी आधी मान मागं वळवली.

“पडला न्हाई ना तो?”

फरशीवरच्या फोनमधून, त्याच दमात, किशनरावांचा आवाज आला : “म्हातारा पडला न्हाई ना?”

“न्हाई, न्हाई. कोणी पडलं न्हाई,” मंजुश्री दोघांनाही म्हणाली. मग ती तिथंच बसून हमसून हमसून रडली. आईला वाटलं आनंदानं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

सोमवार, मंगळवार दोघंही बसले नाहीत. अप्पा अंगणात फिरले. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी नांदेडला परतलेल्या मंजुश्रीला फोनवर विचारलं, ऑपरेशन झाल्यावर त्या माणसाला एकदा भेटता येईल का. नुसतं तोंड बघायचंय, म्हणाले.

७

बुधवारी सकाळी सात वाजता साखराबाईचा फोन आला. मालक पहाटे कुणाला न कळता ओसरीवर जाऊन बसले होते. मी चहा घेऊन गेले तर त्यांचा श्वास नव्हता.

“बसल्या जागी गेले, माय,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता.

मंजुश्रीला किशनरावांसाठी वाईट वाटायला हवं होतं, पण आधी तिनं घरी फोन लावला. आई कुजबुजली, अप्पा पहाटे उठून बसलेत. म्हणायलेत, मागचा आज लई जड झालाय. सगळा भार टाकलाय त्यानं. उठवत न्हाई.

तिनं मिळेल ती बस पकडली. लोह्याच्या पुढं गाडी आली तेव्हा तिनं पुन्हा साखराबाईला फोन केला. मागं माणसांचा कालवा ऐकू येत होता. पाहुणे जमलेत, साखराबाई म्हणाली. माणूस सरळ होत नाही, तिरडीवर आडवा होत नाही. गुडघे दाबून बघितले, पाठ दाबून बघितली. बसवूनच न्यावं लागतंय. शेतातच करायचंय, लाकडं नेऊन रचलीत. देगलूरचे जावई आले की निघायचं.

मंजुश्रीनं खिडकीकडं तोंड फिरवलं. जे बोलणार होती ते तिला स्वतःलाच ऐकवत नव्हतं.

“साखराबाई, त्यांना पुरता येईल का? आमच्यात पुरतेत. असंच, बसवून.”



“तुमच्यात बसवतेत, माय. आमच्यात जाळतेत,” साखराबाई म्हणाली. “आणि जाळल्याबिगर ते तिथून सुटायचे कसे?”

तुझा नवरा सुटेल पण माझा बाप अजून त्याच्या पाठीला चिकटून बसलाय, हे नवऱ्याच्या प्रेताशेजारी बसलेल्या बाईला कसं सांगायचं? हाव, ती म्हणाली. बरोबर हाय. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपण पुन्हा गप्प बसलो.

ती घरात शिरली तेव्हा एक वाजून गेला होता. शेजारचे दोघे जण देवाच्या खोलीबाहेर घाम पुसत उभे होते. त्यांनी अप्पांना उचलायचा प्रयत्न केला होता. दोन माणसांचं वजन हाय वो, त्यातला एक म्हणाला आणि आपणच काय बोललो याचा विचार करत राहिला.

मंजुश्री अप्पांच्या समोर बसली. त्यांचा डावा हात तसाच उचललेला होता. बेलाचं पान सुकून वळलं होतं. श्वास वरच्या वर, थोडा थोडा. तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. त्यांचं नाव किशनराव. बिलोलीचे. तुमच्या पाठोपाठ त्यांचं ऑपरेशन झालं होतं. सकाळीच गेले ते. “मागं आता कोणी न्हाई, अप्पा. उठा. मी पाया पडते तुमच्या.”

“मला कळलंय गं. पहाटेच कळलं,” अप्पा म्हणाले. प्रत्येक शब्दाला त्यांना थांबावं लागत होतं. “पण टेकलाय की अजून. गेलेल्या माणसाला असं पाडून उठू नये. त्याची माणसं त्याला घेऊन जातील. मग उठतो.”

तिनं हात घालून ओढलं, आईनं ओढलं, शेजारी पुन्हा आत आले. अप्पा तसूभर हलले नाहीत. मंजुश्रीच्या पिशवीतला फोन वाजला आणि थांबला. सोमेशचा मेसेज होता : शेताकडं निघालो. मग बराच वेळ काही झालं नाही. आईनं अप्पांना चमच्यानं पाणी पाजलं. तांदूळ निवडल्यासारखा तो आवाजही थांबला होता.

पावणेतीनच्या सुमाराला अप्पांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी डोळे मिटले, थंडीच्या दिवसांत अंगणात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा जसा सैल होतो तसा त्यांचा झाला.

“मंजू,” ते म्हणाले, “पाठीवर ऊन आलंय गं.”

मंजुश्रीनं त्यांच्या मागच्या भिंतीकडं पाहिलं. त्या भिंतीला खिडकी नव्हती.

सुरुवातीला अप्पांना ते ऊन बरंच वाटत होतं.